इन्फ्ल्युएंझाच्या लसीचा कालनिर्णय

साथीच्या आरंभाची व शेवटाची तिथि नोंदवितांना ती कोणत्या प्रदेशाच्या मानानें धरावी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. सन २००९-१० च्या इन्फ्ल्युएंझासंबंधानें, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेल्या 'स्वाइन फ्लू'संबंधानें, तो प्रस्तुत लेखांत विचारावयाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें ११ जून २००९ रोजीं ही जागतिक साथ असल्याचें व १० ऑगस्ट २०१० रोजीं ती संपल्याचें जाहीर केलें. भारतांतील पहिला मृत्यु ३ ऑगस्ट २००९ रोजीं पुण्यांत झाला. त्याच पुण्यांत सीरम इन्स्टिट्यूटनें नाकांत फवारावयाची 'नॅसोव्हॅक' लस जुलै २०१० मध्यें बाजारांत आणली. या तारखा शेजारीं मांडल्या म्हणजे लस वरातीमागून घोडें ठरली असें दिसतें. परंतु सरकारी आंकडे निराळें बोलतात. देशांत २००९ सालीं ९८१ व २०१० सालीं १७६३ मृत्यु नोंदले गेले. जिनीव्हाची तिथि आमची नव्हे. लस आली तेव्हां आमच्याकडे साथ ओसरलेली नव्हती.

या लसीची घटना पोथ्यांच्या संग्राहकांस विशेष रुचेल. इन्फ्ल्युएंझाचा विषाणु म्हणजे जणूं आठ पानांची पोथी. नॅसोव्हॅकमधील विषाणूचीं सहा पानें लेनिनग्राड येथें १९५७ च्या साथींत मिळालेल्या विषाणूच्या, पुढें सौम्य केलेल्या प्रतींतलीं. रोगप्रतिकारास ज्यांची ओळख पटावी लागते तीं दोनच पानें २००९ च्या विषाणूचीं. जुनी प्रत थंडाव्यांत वाढण्यास सरावलेली असल्यामुळें ही लस नाकांत रुजते, परंतु फुप्फुसाच्या उष्णतेंत तिची वाढ होत नाहीं. अशी संमिश्र प्रत तयार करणें, ती कोंबडीच्या अंड्यांत वाढविणें व तपासणें यांतच महिने जातात.

आतां बीड जिल्ह्याच्या मानानें पाहूं. १९१८ च्या साथीच्या वेळीं बीड निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याची लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारींत १,३३,७४,६७६ होती, ती १९२१ सालीं १,२४,७१,७७० भरली. ही घट एकट्या इन्फ्ल्युएंझाची नव्हे, दुष्काळ व प्लेग हेहि तींत आहेत. खरी लस तेव्हां संभवतच नव्हती, कारण माणसांतील हा विषाणु १९३३ सालीं लंडनमध्यें प्रथम वेगळा करण्यांत आला. तत्पूर्वींच्या लसी जंतूंच्या होत्या, आणि ते जंतु या रोगाचें मूळ कारण नव्हते.

आज लस आहे, पण कालाचा घोळ कायम आहे. उत्तर गोलार्धाची नवी लस हिंवाळ्याच्या धोरणानें आश्विन-कार्तिकांत येते. आमच्याकडे रोगाचा मुख्य जोर पावसाळ्यांत असतो. शिवाय दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडचीं हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिमेकडे जातात, तीं चैत्र-वैशाखांत परततात. माझ्या मतें या जिल्ह्यापुरता लस टोचण्याचा काल वैशाख हाच धरला पाहिजे, कारण तेव्हां माणसें घरीं असतात व पाऊस अद्याप यावयाचा असतो.