रेडिएटरवरचे दोन नट

मागच्या भागांत आपण लढायांबद्दल बोललो, आजचा विषय जरा तेलकट आहे. तुमची गाडी ऑटोमॅटिक गिअरची असेल तर बॉनेट उघडून रेडिएटरच्या टाकीकडे बघा. पाण्याचे जाड रबरी पाइप दिसतील. पुष्कळ गाड्यांत त्यांच्याखेरीज बोटाएवढ्या दोन नळ्या त्याच टाकीत शिरताना दिसतात. त्या गिअरबॉक्सच्या तेलाच्या. एकीतून तापलेलं तेल येतं, दुसरीतून निवलेलं परत जातं. टाकीच्या आत एक छोटा कूलर पाण्यात बुडवलेला असतो. आत तेल, बाहेर पाणी आणि मध्ये फक्त पातळ पत्रा. नळ्या टाकीला जिथे जोडतात ती फिटिंग्ज, म्हणजे ते दोन नट, हा आजचा विषय. एएमटी गाडीवाल्यांनी नुसतं ऐकावं, त्यांच्याकडे ही भानगड नाही.

मी रणगाडा दळातला माणूस, इंजिनिअर नव्हे. मला हे कळलं ते खिशाला चाट बसल्यावर. सिकंदराबादहून सोलापूरला बहिणीकडे निघालो होतो. महिनाभर आधी एका गॅरेजमध्ये रेडिएटर बदलून घेतला होता. हुमनाबादच्या पुढे गाडी गचके द्यायला लागली, मग इंजिन नुसतंच घोंघावायला लागलं आणि चाकं काही फिरेनात. बॉनेट उघडलं, गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं, तर आत स्ट्रॉबेरी मस्तानी! तेल आणि पाणी घुसळून झालेला गुलाबी फेस. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीला जो आकडा सांगितला, तो बायकोला दोन हप्त्यांत सांगितला.

आता इतिहास. पहिला मोठ्या प्रमाणावर खपलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाडीसाठी तो १९३९ मध्ये जाहीर झाला. मग युद्ध आलं. विमानांसाठी रेडियल इंजिनं कमी पडायला लागली, म्हणून अमेरिकनांनी स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅक मोटारीची दोन इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक बसवले. हाच तो एम-५. आपल्या ७ कॅव्हलरीने १ नोव्हेंबर १९४८ ला झोजी ला खिंडीत जे स्टुअर्ट नेले, ते याच जातीचे. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद केली आणि साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, क्लचचं पेडल नसलेले रणगाडे शत्रूपुढे उभे राहिले. झोजी लावर आपण लोक तासन् तास बोलतो, गिअरबॉक्सबद्दल अवाक्षर काढत नाही.

युद्धातच ब्यूइक कंपनीने एम-१८ हा रणगाडेनाशक बांधला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर होता. १९४८ मध्ये त्याच कंपनीने डायनाफ्लो नावाने टॉर्क कन्व्हर्टर मोटारीत आणला. खरी गरमी इथून सुरू होते. कन्व्हर्टरमध्ये एक पंखा तेल ढवळतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो. या ढवळण्यात जी शक्ती वाया जाते तिची उष्णता होते, आणि ती सगळी तेलात उतरते. ढोबळ हिशेब असा, की तेलाचं तापमान १० अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. तेव्हा तेल गार करणं आलं. वेगळी जाळी, वेगळा पंखा कोण लावणार? पाण्याचा रेडिएटर होताच, त्याच्याच टाकीत कूलर बुडवला. थंडीत हेच पाणी तेलाला लवकर ऊबही देतं. युक्ती झकास आणि स्वस्त, पण दोन वैरी एका पत्र्याआड राहायला आले.

सत्तरच्या दशकात या पत्र्यावर भलताच घाला आला. अमेरिकेत गिअरबॉक्सच्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत असत, क्लचच्या चकत्या मऊपणे पकडाव्यात म्हणून. १९७० मध्ये तो देवमासा धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला, १९७३ मध्ये कायदा आणखी कडक झाला, आणि तेलवाल्यांना पर्याय शोधावा लागला. नव्या तेलाने कूलरच्या सांध्यांतला डाखच खायला सुरुवात केली. मग त्यात गंजरोधक घालून तेल पुन्हा सुधारावं लागलं. देवमासा वाचला ते उत्तमच झालं. पण समुद्रातला कायदा रेडिएटरच्या डाखापर्यंत पोहोचतो, हे मला फार नवलाचं वाटतं.

आता नटाकडे. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवतात आणि ते बैठकीवर नटाने दाबतात. धातूवर धातू बसतो, वायसर नाही. मोटारीत हा कोन ४५ अंशांचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कर आणि नौदलाने मात्र विमानांसाठी ३७ अंशांचा कोन ठरवला. त्याला एएन म्हणतात, म्हणजे आर्मी-नेव्ही. शौकीन लोक आजही शर्यतीच्या गाड्यांत तीच फिटिंग्ज लावतात. आठ अंशांचा फरक डोळ्याला दिसत नाही, काही मापांत आटेही जुळतात, नट घट्ट बसतो आणि तेल ठिबकत राहतं. मग मिस्त्री आणखी आवळतो, किंवा आट्यांना पांढरी टेप गुंडाळतो. या जोडाला टेपचा काही उपयोग नाही, कारण तेल आट्यांनी अडत नाही, फुलवलेल्या तोंडाने अडतं. उलट टेपचे तुकडे गिअरबॉक्सच्या झडपांत जाऊन बसतात.

माझ्या गाडीत कोनाची चूक नव्हती, हाताची होती. नट सोडताना एक पाना नटावर आणि दुसरा टाकीतून बाहेर आलेल्या फिटिंगवर धरायचा असतो. आमच्या मिस्त्रीने एकच पाना वापरला. नटाबरोबर फिटिंग फिरलं, फिटिंगबरोबर आतला कूलर पिळला गेला. टाकी प्लॅस्टिकची, ती काय अडवणार? इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त, म्हणून तेल पाण्यात गेलं. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब उतरतो, पण तापलेल्या रेडिएटरचा काही वेळ टिकतो, तेव्हा पाणी तेलात गेलं. कूलंटने क्लचच्या चकत्यांचा गोंद सुटला.

नव्या बऱ्याच गाड्यांत नटच नाहीत. नळी खटकन बसते, आत रबरी कडं, बाहेर क्लिप. पिळण्याची भीती कमी, पण क्लिप नीट बसली नाही तर नळी चालत्या गाडीत सुटते. बसवल्यावर हाताने ओढून बघायचं, एवढंच.

दुरुस्तीच्या वेळी मी जुना कूलर मागून घेतला. फिटिंगच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे. व्हिडिओत तो कॅमेऱ्यासमोर धरला होता, तरी चीर कुणाला दिसली नाही. पुस्तकात तर दिसायचा प्रश्नच नाही.