मेण कुठलं?



केबिन रोडवर दुकानात बाटिकची साडी दिसली की मी हात मागे घ्यायचे. मेण म्हणजे मधमाश्यांचं पोळं, आणि मध तर आपल्याकडे चार महाविगईंत मोजलेला! भद्रेश्वरच्या यात्रेला गेलो तेव्हा जवळच मुंद्र्याला दोन दिवस बाटिक शिकायला थांबलो. तिथे मी पहिलं हेच विचारलं.

उत्तर ऐकून जीव भांड्यात पडला. कच्छचे खत्री पूर्वी पिलूच्या बियांचं तेल तापवून त्यात ठसा बुडवत. पुढे त्याजागी मेण आलं, तेही खनिज तेलातून निघणारं पॅराफिन. जावामध्ये मात्र मधमाश्यांचं मेण जुन्या काळापासून चालत आलंय. १९२७ मध्ये रवींद्रनाथ जावाला जाऊन आले आणि शांतिनिकेतनातही बाटिक रुजलं.

मग मीही ठसा उठवला. मेण लागतं तिथे रंग चढत नाही. रंग थंडच हवा, नाहीतर मेण वितळतं. शेवटी कापड उकळलं की मेण सुटतं, ते पुन्हा वापरतात.

पुष्कळ ठिकाणी दोन्ही मेणं मिसळतात. म्हणून आता हात मागे घेत नाही, आधी विचारते, "मेण कुठलं?"