खतावणी आहे, दिवाणजी कुठे?

नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची ओलीच विकायला येते. व्यापारी ती घेतो, पथारीवर उन्हात पसरतो आणि वाळल्यावर पुढे पाठवतो. समजा, १०० किलो मिरची खरेदी केली आणि वाळल्यावर ती ३० किलो भरली. मग उरलेली ७० किलो गेली कुठे? ती चोरीला गेली नाही की विकली गेली नाही. तिच्यातले पाणी उडाले. हिशेबाच्या वहीत ही घट दाखवावी लागते. शिवाय आडत, हमाली, तोलाई आहेच. कोणती रक्कम कोणाच्या नावे टाकायची, याची रीत पेढीगणिक थोडी वेगळी. दिवाणजींना ती तोंडपाठ असे. रोजकीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून ताळेबंद, असा हा प्रवास त्यांच्या हातून होई.

मग संगणक आला. १९८०च्या दशकात डीबेस आणि त्यामागोमाग फॉक्सप्रो ही साधने हाती आली. माहितीचे तक्ते ठेवणे आणि त्यांवर हिशेब करणे हे त्यांचे काम. थोडे प्रशिक्षण घेतलेला तरुणही त्यांत आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहू शके. तयार पाकिटातल्या आज्ञावलीला ओल्या-सुक्या मिरचीची घट ठाऊक नसे. म्हणून पेढ्या, पतसंस्था, सोसायट्या यांनी शिंप्याकडून माप देऊन कपडा शिवून घ्यावा तशा आपापल्या आज्ञावल्या लिहून घेतल्या. दिवाणजींच्या डोक्यातली रीत अशी संगणकात गेली.

पण अंगाबरोबर कपडाही बदलावा लागतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. ज्या आज्ञावलीत जिल्ह्याचे नाव पक्के लिहून ठेवले होते, तिथे दुरुस्ती आली. दीड वर्षातच सन २००० उजाडले. ज्यांनी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवले होते त्यांना ते चार करावे लागले. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा ताज्या मिरचीवर कर नाही आणि वाळलेल्या मिरचीवर ५ टक्के, असा भेद झाला. दोन्हींना एकच 'मिरची' समजणारी आज्ञावली इथे अडणारच.

दरम्यान साधनेच म्हातारी झाली. फॉक्सप्रो १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ मध्ये निघाली आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने तिचा आधार पूर्ण थांबवला. नव्या मुलांनी ही भाषा शिकावी असे कारण उरले नाही. ज्यांनी त्या काळी आज्ञावल्या लिहिल्या त्यांतले कोणी दुसऱ्या शहरी गेले, कोणी व्यवसाय बदलला. हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या साथीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याचे अर्ज एकदम वाढले. ते हाताळणारी जुनी यंत्रणा कोबोल या १९५९-६० मध्ये तयार झालेल्या भाषेवर चालत होती. कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन तिथल्या राज्यपालांना करावे लागले.

अशा वेळी नेमके काय हरवते? आपल्याला वाटते, माहिती हरवते. पण डीबेस-फॉक्सप्रोच्या तक्त्यांच्या फायली आजही सहज उघडतात. अडचण पुढे येते. या तक्त्यांत रकान्याचे नाव दहा अक्षरांपेक्षा मोठे देता येत नसे, तेही रोमन लिपीत. त्यामुळे 'वाळवणीतील घट' या रकान्याला कोणी तीनचार अक्षरांचे आद्याक्षरी नाव दिले असेल, तर त्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाच माहीत. मराठी नावांचीही तीच गत. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी साठवण्याच्या रीती अनेक होत्या. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले, तरी अनेक फॉन्टांचे संकेत स्वतंत्रच राहिले. त्या फॉन्टाविना शेतकऱ्याचे नाव निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसते.

हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. पेशवे दप्तरातील मोडी कागद शाबूत आहेत, शाईही टिकली आहे. कमी पडतात ते वाचणारे. शब्द संक्षेपाने लिहिण्याची रीत मोडीतही होती आणि लिहिणाऱ्याला त्यात काही अवघड वाटत नव्हते. पुराभिलेख संचालनालय मोडी वाचनाचे वर्ग घेते, ते याच गरजेपोटी. कागद जपला की काम संपत नाही. वाचणारा तयार करावा लागतो.

आज हा प्रश्न पेढीपुरता राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सर्वांसाठी एकच समान आज्ञावली, हे तिचे सूत्र. जुन्या नोंदी नव्या ठिकाणी नेताना एखाद्या रकान्याचा अर्थ चुकला, तर फेडलेले कर्ज थकलेले दिसेल. त्याची झळ सोसावी लागेल ती धडगाव-अक्कलकुव्याच्या एखाद्या सभासदाला, आणि त्याच्या हाती कदाचित जुनी पावतीही नसेल.

मग जाणकार शोधायचा कुठे? फॉक्सप्रो जाणणारा मिळाला तर उत्तमच, पण तो अर्धाच जाणकार. उरलेला अर्धा म्हणजे निवृत्त दिवाणजी किंवा सोसायटीचे जुने सचिव. भाषा एकाला येते, रीत दुसऱ्याला. दोघांना एकत्र बसवून प्रत्येक रकान्याचा अर्थ साध्या मराठीत लिहून घ्यावा. नंतर एकदोन महिने जुनी आणि नवी आज्ञावली बरोबरीने चालवावी. बेरीज जिथे जुळत नाही, तिथे एखादा न लिहिलेला नियम दडलेला असतो.

हा प्रयोग वर्गातही करता येतो. गावातल्या एखाद्या दुकानदाराकडून हिशेबाची रीत विचारून विद्यार्थ्यांनी ती पायरीपायरीने लिहावी आणि दुसऱ्या गटाने फक्त त्या कागदावरून हिशेब करून दाखवावा. तो गट जिथे अडेल, तिथे दुकानदाराच्या डोक्यातच राहिलेली गोष्ट सापडेल.