तणनाशके : घरगुती वापर व नियमन

पीक, हिरवळ, अंगण, पाऊलवाट इ. ठिकाणी नको असलेल्या वनस्पतींचा नाश करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रासायनिक द्रव्यांना तणनाशके म्हणतात. भारतात त्यांचा विचार मुख्यतः शेतीच्या संदर्भात झाला. घराभोवती होणाऱ्या त्यांच्या वापराकडे लक्ष उशिरा गेले. पुणे शहराच्या उत्तरेस, येरवड्यापलीकडे आळंदी रस्त्यावर वसलेल्या विश्रांतवाडीसारख्या उपनगरात हा वापर कशासाठी होतो, हे सहज दिसते. गृहरचना संस्थांच्या कुंपणांलगतचे पट्टे, बांधकामाविना पडून असलेले भूखंड व रस्त्यांच्या कडा पहिल्या पावसानंतर तणाने भरून जातात. या तणांत गाजरगवत प्रमुख होय.

गाजरगवताचा भारतातील इतिहास पुण्याशी निगडित आहे. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती १९५०नंतरच्या काही वर्षांत पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर आढळली व १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी तिची नोंद भारतातील नवी वनस्पती म्हणून प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतील गव्हाबरोबर तिचे बी आले, असा सार्वत्रिक समज असून ‘काँग्रेस गवत’ या नावाचा संबंधही पुष्कळ लोक त्याच्याशी जोडतात. तथापि त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील आहे आणि वनस्पती त्यापूर्वीच पुण्यात रुजलेली होती. बी गव्हातूनच आले असेल, तर ते आधीच्या आयातीतून आले असले पाहिजे. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. तिच्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे अनेकांच्या त्वचेचा दाह होतो, तर परागांमुळे श्वसनाचे विकार बळावतात. त्यामुळे शहरी माणसाच्या दृष्टीने ते केवळ कुरूप तण राहत नाही. ते काढून टाकण्याची निकड त्याला भासते.

परंपरेने हे काम खुरप्याने होई व ते बहुधा स्त्रियांच्या वाट्यास येई. शेतातील निंदणी-खुरपणी ही आजही स्त्रियांच्या मजुरीवर चालते आणि मजुरीचा खर्च वाचविणे हेच तणनाशकांच्या प्रसाराचे मोठे कारण आहे. भारतात १९३७ मध्ये पंजाबात सोडियम आर्सेनाइटचा प्रयोग झाला. नंतर २,४-डी हे द्रव्य वापरात आले. हे द्रव्य वनस्पतींच्या वृद्धि-संप्रेरकाप्रमाणे कार्य करते व रुंद पानांच्या तणांची वाढ विकृत करून त्यांना मारते. १९६२ मध्ये बाजारात आलेले पॅराक्वाट हिरव्या भागाला स्पर्श होताच सूर्यप्रकाशात तो जाळते. १९७४ पासून विकले जाणारे ग्लायफोसेट पानांतून मुळांपर्यंत उतरते आणि आवश्यक ॲमिनो अम्ले बनविणारे एक एंझाइम निष्प्रभ करते. हे एंझाइम प्राण्यांत नसते, हा ग्लायफोसेटच्या निर्धोकपणाचा जुना आधार होय. मात्र २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना ‘बहुधा कर्करोगजनक’ द्रव्यांत केली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही.

तणनाशकांना लागू असलेल्या कायद्याच्या नावात तणाचा उल्लेखही नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली; खाद्यपदार्थ व विष यांची जहाजातून एकत्र वाहतूक झाली होती. न्या. जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगानंतर या विषयावर विचार सुरू झाला व कीटकनाशक अधिनियम, १९६८ हा संमत होऊन त्याखालील नियम १९७१ मध्ये झाले. ‘कीटकनाशक’ या संज्ञेत अनुसूचीतील तणनाशकेही येतात. द्रव्याची नोंदणी केंद्रीय समितीकडे होते, तर विक्रीचा परवाना राज्याचा कृषी विभाग देतो. वेष्टनावरील चौकोनात लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने असतो. पॅराक्वाट यांपैकी पिवळ्या वर्गात मोडते. तथापि त्याच्यावर उतारा नाही आणि थोडेसे पोटात गेले तरी फुप्फुसे निकामी होऊन माणूस मरू शकतो. ही गोष्ट रंगावरून कळत नाही.

या अधिनियमाचे कलम ३८ घरगुती वापराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या कसणुकीतील जमिनीसाठी केलेला वापर त्यान्वये अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. सारांश, कायदा उत्पादकाला व दुकानदाराला बांधतो. बाटली घरी गेल्यावर तो थांबतो. प्रत्येक अंगणात निरीक्षक पाठविणे शक्य नव्हते, हे खरे. परंतु शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून दिलेली ही सूट शहरात जशीच्या तशी लागू पडते काय, हा प्रश्न उरतो. गृहरचना संस्थेचे सामाईक आवार हे कोणाचीच परसबाग नव्हे, आणि तेथे फवारणी करणारा माळी वा पहारेकरी ती स्वतःसाठी करीत नसतो.

पुढील दुरुस्त्यांचा रोखही विक्रेत्यावरच राहिला. २०१५ मध्ये विक्रेत्यासाठी शैक्षणिक अर्हता ठरविण्यात आली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. ती दुर्घटना कीटकनाशकांची होती. पण हातमोजे व मुखपट्टीविना पाठीवरील पंपाने फवारणी करणाऱ्याचे काय होते, हे तिने राज्याला दाखविले. कायदाच बदलण्यासाठी २००८ व २०२० मध्ये राज्यसभेत विधेयके मांडण्यात आली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने आदेश काढून ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड-नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. मुख्यतः विक्रेत्याकडे पाहणारा कायदा येथे वापरणाऱ्याच्या हाताकडे वळलेला दिसतो. उत्पादकांच्या संघटनेने हा आदेश दिल्ली उच्च न्यायालयात नेला. कलम ३८ मधील सूट आणि हा निर्बंध यांचा मेळ कसा घालावयाचा, याचा उलगडा आदेशाच्या मजकुरातून होत नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात नियमांत दुरुस्ती होऊन परवानाधारक विक्रेत्यांना संगणकीय बाजारपेठेतून माल घरपोच देण्याची मुभा मिळाली. दुकानात निदान विक्रेता समोर असतो व प्रमाण सांगतो. घरपोच आलेल्या बाटलीबरोबर बारीक अक्षरांतील पत्रक तेवढे येते.

रसायनांना पर्याय म्हणून १५ ते २० टक्के मिठाचे द्रावण गाजरगवतावर फवारतात. ते झाड सुकविते. परंतु वारंवार वापरल्यास मातीही नापीक होते. मेक्सिकोतून १९८३ मध्ये आणलेले झायगोग्रामा जातीचे भुंगेरे पावसाळ्यात गाजरगवताची पाने खातात. फवारणीने पाने जळाली की त्यांचे अन्नही नाहीसे होते. मोकळ्या जागी टाकळा दाट वाढल्यास गाजरगवत मागे हटते, असेही दिसून आले आहे. लहान आवारात फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे सर्वांत परिणामकारक ठरते.

रिकाम्या बाटल्यांविषयी १९७१ च्या नियमांत स्पष्ट तरतूद आहे : त्या पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुराव्यात. विश्रांतवाडीतील सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाजवळ अशी जमीन नसते. बाटली घरच्या कचऱ्याबरोबर जाते किंवा धुऊन फिनेल भरण्यासाठी ठेवली जाते.