अंगावरून वारे गेल्यानंतर : विश्रांती, चाल आणि श्रमाची मात्रा यांचा इतिहास

प्रस्तावना

पक्षाघाताला मराठीत ‘अंगावरून वारे जाणे’ असे म्हणतात. आयुर्वेदातील वातविचार या शब्दप्रयोगात आजही टिकून आहे. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या घरात कर्त्या माणसाला असा झटका आला की कुटुंबाला दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात. एक म्हणजे ‘मुळीच हलवू नका’. दुसरा म्हणजे ‘पहिल्या दिवसापासून चालवा, नाहीतर अंग आखडेल’. या दोन्ही सल्ल्यांमागे दीर्घ इतिहास आहे आणि दोन्ही रुग्णाला महाग पडू शकतात. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा मागोवा घेऊन, झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दम वाढविणारा व्यायाम कितपत सुरक्षित आहे, या प्रश्नाचा विचार केला आहे.

विश्रांतीचा आग्रह

चरकसंहितेत पक्षवधावर स्नेहयुक्त स्वेदन आणि विरेचन हे उपचार सांगितले आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवान माणसालाही अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करण्यास सांगितले आणि वातपित्ताचे विकार असणाऱ्यांना तो वर्ज्य ठरविला. सुश्रुताने या अर्ध्या शक्तीची खूणही दिली आहे : व्यायाम करताना श्वास तोंडावाटे येऊ लागला की मर्यादा आली असे समजावे. या खुणेकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

पाश्चात्त्य वैद्यकातही विश्रांतीचाच दबदबा होता. जॉन हिल्टन या इंग्रज शल्यविशारदाचा विश्रांती व वेदना यांवरील ग्रंथ 1863 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील कित्येक दशके प्रमाण मानला गेला. या समजुतीला मोठा धक्का दिला तो लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर यांनी. 1947 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील लेखात त्यांनी अंथरुणाला खिळण्याचे दुष्परिणाम मांडले : पायांतील शिरांत रक्ताची गुठळी, फुफ्फुसांचा दाह, शय्याव्रण, सांध्यांचे आखडणे. 1952 मध्ये सॅम्युअल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराच्या रुग्णांना पलंगाऐवजी आरामखुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला.

हाच काळ आपल्या परिसराच्याही घडणीचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, कमला निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी मराठी घरात संसार केला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. त्याच दशकात के.ई.एम.मध्ये भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि 1955 साली हाजी अली येथे पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

तथापि पक्षाघाताच्या रुग्णाला दम लागेपर्यंत श्रम करू द्यावेत, असे त्या काळी सहसा कोणी म्हणत नव्हते. जर्मनीतून लंडनला आश्रयास आलेल्या बर्टा बोबाथ यांची पद्धती पुढे जगभर रूढ झाली. अतिरिक्त जोर लावल्यास स्नायूंचा ताठरपणा वाढतो, ही त्यामागची धारणा होती. 1995 मध्ये कॅथलीन पोटेम्पा व सहकाऱ्यांनी 42 रुग्णांना सायकल-यंत्रावर दहा आठवडे व्यायाम देऊन त्यांची क्षमता वाढते असे दाखविले, तेव्हा हे भय ओसरू लागले. मात्र या रुग्णांना झटका येऊन किमान सहा महिने झाले होते, ही बाब उत्साहाच्या भरात अनेकदा नजरेआड झाली.

घाईचे मोजमाप

सहा महिन्यांनी जे हितकर ठरले ते सहाव्या दिवशीही हितकर असेल काय? ‘अ‍ॅव्हर्ट’ या चाचणीत पाच देशांतील 2104 रुग्णांचा अभ्यास झाला आणि 2015 मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चोवीस तासांच्या आत, वारंवार व अधिक प्रमाणात उठवून चालविलेल्या गटात 46 टक्के रुग्णांची प्रकृती तीन महिन्यांनी समाधानकारक होती; नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 50 टक्के होते. लवकर आणि जास्त म्हणजे उत्तम, हे गृहीतक येथे कोसळले. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी अशी घाई करू नये असे स्पष्ट केले.

दम वाढविणाऱ्या व्यायामाची थेट कसोटी जर्मनीत लागली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 200 रुग्णांना झटक्यानंतर पाच ते पंचेचाळीस दिवसांच्या दरम्यान सामावून घेतले गेले. एका गटाने ट्रेडमिलवर आठवड्यातून पाच वेळा, असे चार आठवडे चालावे; दुसऱ्याने शिथिलीकरण करावे, अशी योजना होती. चालण्याचा वेग आणि दैनंदिन व्यवहार यांत पहिला गट सरस ठरला नाही. उलट गंभीर दुर्घटनांचा दर त्याच गटात 1.81 पट दिसला. हा फरक आकडेवारीच्या कसोटीवर निर्णायक नाही, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु नंतरच्या विश्लेषणात हा धोका मधुमेह किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांत अधिक असावा असे सूचित झाले. आपल्याकडे पक्षाघात आणि मधुमेह किती वेळा एकाच घरात, एकाच देहात भेटतात, हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे अंथरुणच बरे, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2014 च्या निवेदनाने सुरुवातीच्या काळात सौम्य चालणे व स्वतःची कामे स्वतः करणे सुचविले आहे. नाडी विश्रांतीच्या वेळेपेक्षा मिनिटाला 10 ते 20 ठोक्यांनीच वाढावी आणि श्रम ‘हलके’ वाटावेत, ही त्याची मर्यादा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्याची नाडी मात्र श्रमातही मंदच राहते. तेथे केवळ नाडीवर विसंबता येत नाही. चालताना सहज बोलता येते की नाही, हे पाहावे लागते. सुश्रुताची खूण याहून फार दूर नाही.

उपनगरातील प्रश्न

मर्यादा ठरली तरी ती पाहणार कोण? 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत भारतातील 14 केंद्रांवरील 1250 रुग्णांपैकी निम्म्यांच्या कुटुंबीयांना घरी व्यायाम करवून घेण्याचे प्रशिक्षण दिले गेले. सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच राहिले. हा निष्कर्ष कुटुंबाच्या मायेवरचा ठपका नाही. प्रशिक्षित हाताची जागा घरच्यांनी भरून काढावी, ही अपेक्षा मात्र त्यात टिकली नाही.

हाजी अलीला जाणाऱ्या अंबरनाथच्या रुग्णाला आधी गर्दीची लोकल गाठावी लागते, मग दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे पकडावी लागते. तिसऱ्या आठवड्यात हा जिना चढणे म्हणजे कोणी न मोजलेला, कोणी न सांगितलेला व्यायामच होय. ट्रेडमिलवरील रुग्णाजवळ नाडी पाहणारा माणूस तरी उभा असतो. पुलाच्या मध्यावर धाप लागलेल्या रुग्णाच्या पाठीमागे फक्त पुढच्या गाडीसाठी धावणारी गर्दी असते.