गिधाडं, डायक्लोफिनॅक आणि अठ्ठावीस दिवस

पीएचडीची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न मला कायम येतो: "संशोधनाचा प्रश्न नेमका कसा सापडतो?" आज सल्ला देण्याऐवजी एक इतिहास सांगतो. तो वाचून झाला की उत्तर तुमचं तुम्हीच काढा.

सुरुवात आमच्या येडशीतून करू. पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेरच्या माळावर ओढून टाकायचे. आजी सांगते, दुपारपर्यंत आभाळातून गिधाडं उतरायची आणि दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा उरायचा. मी लहानपणापासून रामलिंग घाटाच्या अभयारण्यात फिरतोय. वानरं ढिगानं पाहिली, गिधाड मात्र एकदाही दिसलं नाही. मग ती गेली कुठं?

आधी मोजणी

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश राजस्थानात भरतपूरला शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी तिथली गिधाडं मोजली होती. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजली तेव्हा आकडे कोसळलेले होते. १९९९ मध्ये हे निष्कर्ष सोसायटीच्याच जर्नलमध्ये छापून आले. पुढे देशभरातल्या मोजण्या जोडल्यावर कळलं की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं सुमारे ९९.९ टक्के घटली. म्हणजे हजारातलं एखादं उरलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. जुनी मोजणी वहीत नसती, तर "हल्ली गिधाडं दिसत नाहीत" एवढंच आपण म्हणत बसलो असतो.

मग चुकलेला अंदाज

पक्षी मान टाकून बसायचे आणि काही दिवसांनी झाडाखाली मरून पडायचे. पहिला संशय साथीच्या रोगावर गेला. तो चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता, कारण मरतुक दूरदूरच्या भागांत एकाच सुमारास चालू होती. विषाणू शोधण्यात वर्षं गेली. हाती ठोस काही लागेना.

पाकिस्तानच्या पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा बहुतेक पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर पांढरा थर दिसला. तो युरिक ॲसिडचा होता. याचा अर्थ मूत्रपिंड निकामी झालं होतं. विषाणू, जीवाणू, कीटकनाशकं, जड धातू, सगळं तपासून झालं. मग त्यांनी प्रश्न बदलला. पक्ष्याला काय झालं, हे बाजूला ठेवून विचारलं: पक्षी खातो काय? तो खातो मेलेली गुरं. मग त्या गुरांना मरण्याआधी काय दिलं होतं?

ते जनावरांचे डॉक्टर आणि औषध दुकानदार यांच्याकडे गेले. मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल असं आणि सर्रास विकलं जाणारं औषध कोणतं, याचा शोध घेतला. नाव निघालं डायक्लोफिनॅक. ताप, सूज, लंगडणं यांवर दिलं जाणारं स्वस्त वेदनाशामक. मूत्रपिंड निकामी झालेल्या २५ पैकी २५ गिधाडांत ते सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. औषध दिलेल्या जनावरांचं मांस पाळलेल्या गिधाडांना खायला घातल्यावर त्यांतलीही अनेक तशीच मेली. २००४ मध्ये हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं गणित मांडून दाखवलं की शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत घातक मात्रा असली तरी एवढी घट होऊ शकते.

नियम आणि पळवाट

भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचं उत्पादन थांबवण्याचे आदेश दिले, २००८ मध्ये राजपत्रात बंदी आली. गिधाडांना सुरक्षित असा मेलॉक्सिकॅमचा पर्याय २००६ मध्येच चाचण्यांतून पुढे आला होता. तरी प्रश्न मिटला नाही. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या दुकानात होत्याच, त्या गोठ्यात पोचल्या. बंदीआधी साधारण १० टक्के मढ्यांत हे औषध सापडत होतं. २००७-०८ मध्ये प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास आलं. घट झाली, पण गिधाडासाठी पुरेशी नाही. अखेर २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलीच्या एकाच डोसच्या पॅकमध्ये विकण्याची सक्ती झाली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली.

हे आपल्या ताटापर्यंत कसं येतं?

जनावराच्या अंगातून डायक्लोफिनॅक काही दिवसांत ओसरतं. इंजेक्शननंतर बरेच दिवस जगलेल्या गुराचं मांस गिधाडाला मारत नाही. मारतं ते इंजेक्शननंतर लगेच मेलेलं गुरू. थोडक्यात, औषध आणि खाणं यांत किती दिवस गेले हा सगळा खेळ आहे. यालाच औषधशास्त्रात विड्रॉल पिरियड म्हणतात: शेवटचा डोस दिल्यापासून दूध, अंडी किंवा मांस विकायला काढेपर्यंत थांबायचे दिवस.

आपल्याकडे हा काळ लेबलवर छापण्याचा नियम २०१२ मध्ये आला. एखाद्या औषधासाठी तो मोजून ठरवलेला नसेल, तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे.

आमचे काका उस्मानाबादी शेळ्या पाळतात. गेल्या उन्हाळ्यात एका आजारी शेळीला इंजेक्शन दिलं. मी बाटली हातात घेऊन बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि म्हणालो, "काका, अठ्ठावीस दिवस विकू नका."

काका हसले. "अरे, बरी झाली तर मी कशाला विकतोय? अन् नाही झाली, तर अठ्ठावीस दिवस जगतीय कुठं?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण सुचलेलं नाही. आजारी जनावर नेमकं आजारी असतानाच विकलं जातं, हे नियम करताना कुणी धरलं होतं का? शिवाय ते २८ दिवस म्हणजे मोजमाप नसताना धरलेला सावध आकडा. आमच्या भागातल्या शेळीत, आमच्याकडे देतात त्या डोसला, अमुक औषध खरोखर किती दिवस राहतं? उत्तर ५ दिवस निघालं, तर काका थांबू शकतील. २८ दिवस ते कधीच थांबणार नाहीत.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी गोठ्यात गेलात की रिकामी बाटली उचला. विड्रॉल पिरियड शोधा, लिहून घ्या. मग तिच्या मालकाला विचारा, हे वाचलंय का, आणि वाचलं असतं तर थांबला असता का. लेबलवरचा आकडा आणि मालकाचं उत्तर यांत जे अंतर निघेल, तिथं प्रश्न शोधायला सुरुवात करा. आणि हो, आजची तारीख टाकून वहीत नोंद ठेवा. भरतपूरची जुनी मोजणी तशीच कामाला आली होती.