जट येणे आणि जटा बांधणे : केशनिगेचा इतिहास व मराठी साहित्य

साधूने जटा ‘वाढवल्या’ किंवा ‘बांधल्या’ असे मराठीत म्हटले जाते. बाईच्या डोक्यात मात्र जट ‘येते’. केसांची अवस्था दोन्हीकडे सारखीच असते. पहिल्या वाक्यात कर्ता माणूस असतो, दुसऱ्यात खुद्द जट. ‘देवी येणे’, ‘अंगात येणे’, ‘नहाण येणे’ या प्रयोगांच्या पंक्तीत हा प्रयोग बसतो. या सर्व ठिकाणी शरीरात काही घडते आणि ते ज्याच्या शरीरात घडते त्याच्याकडे कर्तेपण नसते. पुरुषाची जटा हे तपाचे फळ आणि स्त्रीची जट ही देवीची आज्ञा, असा भेद मराठी समाजाने क्रियापदांतच नोंदवून ठेवला आहे. हा भेद केशनिगेच्या, म्हणजे तेल, पाणी, शिकेकाई आणि फणी यांच्या, इतिहासाशी ताडून पाहिला असता काय हाती लागते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

केशनिगेची भारतीय परंपरा जुनी आणि तपशीलवार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्या सांगताना डोक्याला नित्य तेल लावण्याचे गुण वर्णिले आहेत; टक्कल पडणे, केस पिकणे व गळणे यांचा प्रतिबंध त्यांत येतो. मराठी घरांत या शास्त्राला स्वयंपाकघराचे रूप मिळाले. खोबरेल तेलात माका, ब्राह्मी किंवा जास्वंदीची फुले उकळणे. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा व मेथी कुटून, पाण्यात उकळून, गाळून त्या पाण्याने न्हाणे. ओल्या केसांतला गुंता बोटांनी सोडवून मग फणी फिरवणे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. शिकेकाई व रिठा यांत फेस आणणारी सॅपोनिन ही द्रव्ये असतात. ती मळ व जादा तेल काढतात. ‘शिकेकाई’ हा शब्द कानडी ‘सीगेकायी’शी जुळणारा असून त्यातील ‘काय’ म्हणजे फळ अथवा शेंग. मराठी न्हाणीघरातला हा शब्द द्राविडी भाषांच्या शेजाराने आला आहे. ज्या देवीच्या नावाने शिकेकाई वर्ज्य होते तिचे ठाणेही त्याच कानडी मुलखात, बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर आहे, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या निगेचे एक वैशिष्ट्य सहसा नजरेआड होते. ती एकट्याने करण्याची गोष्ट नाही. लांब केस धुण्यास पुष्कळ पाणी लागते, ते तापवण्यास सरपण लागते, आणि डोक्यावर पाणी घालण्यास व पाठीमागचा गुंता काढण्यास दुसऱ्याचा हात लागतो. माहेरपणातले न्हाणे किंवा नरकचतुर्दशीचे अभ्यंग यांत जो जिव्हाळा आहे तो याच दुसऱ्या हाताचा. ज्या स्त्रीच्या वाट्याला पाणी, सवड आणि हा हात येत नाही, तिच्या केसांत गुंता राहतो. जटेचा भौतिक आरंभ बहुधा येथेच असतो.

प्राचीन वाङ्मयात जटा ही मात्र हेतुपुरस्सर केलेली वस्तू आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात गंगाकाठी राम गुहाकडून वडाचा चीक मागवतो आणि तो लावून स्वतःच्या व लक्ष्मणाच्या जटा तयार करतो. केस एकमेकांस चिकटवण्याची ही एक घरगुती कृतीच म्हणता येईल. साधन झाडाचे आहे, हात स्वतःचे आहेत आणि कारणही ठाऊक आहे: वनवासाचे व्रत. व्रताची मुदत संपल्यावर जटा उतरतात. नंदिग्रामात जटा धारण करून राहिलेला भरत आणि वनातून परतलेला राम या दोघांच्याही जटा राज्याभिषेकापूर्वी सोडवल्या जातात. जटा बांधता येते आणि सोडताही येते, हे रामकथेत गृहीतच आहे.

मराठी संतवाङ्मयात केशनिगेचे याहून वेगळे चित्र जनाबाईच्या नावावरील अभंगांत भेटते. नामदेवांच्या घरची ही दासी तुळशीवनात वेणी उकलत बसली असता खुद्द देव तिच्या डोक्याला लोणी चोळतो, तिला दुसरे कोणी नाही म्हणून तिच्यावर पाणी घालतो. या प्रसंगाकडे भक्तीचे वात्सल्यरूप म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्यात सामाजिक नोंदही आहे. दासीला न्हाऊ घालणारा हात नसतो. ती उणीव भरून काढण्यासाठी देवाला न्हाणीघरापर्यंत यावे लागते. जनीचा देव केसांत शिरून राहत नाही. तो केस मोकळे करतो. देव आणि स्त्रीचे केस यांच्या संबंधाची ही एक शक्यता मराठी परंपरेत सातशे वर्षांपूर्वीच उच्चारली गेली होती.

यल्लम्मा अथवा रेणुकेच्या उपासनेत दुसरी शक्यता दिसते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगाव या पट्ट्यात मुलीच्या वा बाईच्या डोक्यात गुंता झालेला दिसला की तो देवीचा संकेत मानला जाई, आणि काही ठिकाणी आजही मानला जातो. घरातले आजारपण, जनावराचे मरण, पिकाची नासाडी अशा घटना त्याला जोडल्या जातात. संकेताचा अर्थ एकदा लागला की निगेची साधने बदलतात. फणी थांबते, शिकेकाई थांबते. त्यांच्या जागी भंडारा, हळद-कुंकू आणि तेल येते. जट म्हणजे दुर्लक्षित केस ही सुशिक्षितांची समजूत म्हणूनच अपुरी आहे. आरंभीचा गुंता दुर्लक्षातून झालेला असेल, पण पूर्ण वाढलेली जट ही काळजीपूर्वक जोपासलेली असते. केसाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खवले असतात. न विंचरलेले केस घासले गेले की ते एकमेकांत अडकतात, आणि तेल, हळद व धूळ यांचे लेप त्यांना लोकरीच्या नमद्यासारखे घट्ट करतात. देवीचा वास सिद्ध करणारे उपचारच जटेला वाढवत नेतात. वजनाने मान दुखते, आतली त्वचा ओली राहून तिला जखमा होतात, उवा होतात, दुर्गंधी येते. या त्रासावर जो इलाज घरात ठाऊक असतो, तोच निषिद्ध ठरलेला असतो.

मुलीच्या बाबतीत जटेचा परिणाम केसांपुरता राहत नसे. जट हे देवीला सोडण्याचे कारण होई. मग परडी, जोगवा आणि लग्नाच्या जगातून कायमची हकालपट्टी. समर्पणाविरुद्ध कायदे झाले: मुंबई प्रांतात १९३४ मध्ये, कर्नाटकात १९८२ मध्ये, आणि महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा २००५ चा अधिनियम. कायद्याने समर्पणाचा विधी गुन्हा ठरवला. पण फणी खाली ठेवण्याचा निर्णय घराच्या आत होतो आणि तो बहुतेक वेळा मायेने व भयाने घेतलेला असतो. त्याला साक्षीदार नसतो.

आधुनिक मराठी साहित्याने स्त्रीच्या केसांकडे प्रथम पाहिले ते विधवेच्या केशवपनाच्या निमित्ताने. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ चा. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मधील यमूच्या केशवपनाने त्या काळच्या वाचकाला अस्वस्थ केले. उच्चवर्णीय विधवेचा प्रश्न केस काढले जाण्याचा होता. जोगतिणीचा प्रश्न केस न काढू देण्याचा. दोन्ही प्रथांची दिशा उलट दिसली तरी त्यांचे मूळ एक आहे. स्वतःच्या डोक्यावर काय राहावे हे ठरवण्याचा अधिकार दोघींनाही नाही. तरीही पहिल्या प्रश्नाला मराठी कादंबरीत एकोणिसाव्या शतकातच जागा मिळाली, आणि दुसऱ्याला ठळक जागा मिळण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. कोणाचे केस साहित्याचा विषय होतात, हाही जातीच्या इतिहासाचाच भाग आहे.

राजन गवस यांची ‘चौंडकं’ (१९८५) व त्यानंतरची ‘भंडारभोग’ आणि उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’ या कादंबऱ्यांनी ही उणीव भरून काढली. गवस यांच्या दोन कादंबऱ्या व चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट आधारलेला आहे. त्यातील सुलीचे आयुष्य डोक्यातल्या जटेने बदलते. या कलाकृतींत जट ही नियतीसारखी येते, कारण ज्यांच्या दृष्टीने कथा पाहिली जाते त्यांना ती तशीच भेटते. तेव्हा ‘जट येते’ हे क्रियापद साहित्याने मोडले नाही. त्याने ते क्रियापद किती माणसांचा बळी घेते ते दाखवले. क्रियापद मोडण्याचे काम साहित्याबाहेर व्हावयाचे होते.

तुलनेसाठी महाराष्ट्राबाहेरची तीन उदाहरणे पाहता येतात. पोलंडमध्ये जटेला ‘कोल्तुन’ म्हणत. ती कापल्यास आंधळेपण वा वेड येईल अशी धास्ती होती आणि युरोपीय वैद्यकाने तिला ‘प्लायका पोलोनिका’ असे रोगाचे नाव दिले होते. क्राकोचे वैद्य युझेफ डिट्ल (१८०४-१८७८) यांनी हा स्वतंत्र रोग नसून अस्वच्छतेचा व समजुतीचा परिणाम आहे अशी बाजू हिरिरीने मांडली. कापण्याचे भय सौंदत्तीच्या परिसरातल्या भयाशी आश्चर्यकारक रीतीने जुळते, यल्लम्मेचा मात्र तेथे मागमूस नाही. दुसरे उदाहरण श्रीलंकेतील कतरगामचे. गणनाथ ओबेयेसेकेरे यांनी ‘मेड्यूसाज हेअर’ (१९८१) या ग्रंथात तेथील जटाधारी स्त्रियांचा अभ्यास केला आणि जट ही त्या स्त्रियांच्या दुःखाला धार्मिक अधिकाराचे रूप देते असे मांडले. मराठी जोगतिणीलाही अंगणात मान मिळतो हे खरे आहे. पण तो मान अंगणातच थांबतो. उंबरठ्याच्या आत, सून म्हणून, तिला जागा नसते.

तिसरे उदाहरण जमैकातील रास्ताफारी पंथाचे. १९३० च्या दशकात उदयास आलेल्या या पंथातील अनेकांनी बायबलमधील नाझिराइट व्रताचा आधार घेऊन जटा राखल्या. आफ्रिकी वंशाच्या कुरळ्या केसांना हीन ठरवणाऱ्या वसाहतवादी दृष्टीला ते उत्तर होते. एप्रिल १९६३ मधील कोरल गार्डन्सच्या दडपशाहीत पोलिसांनी रास्ताफारींच्या जटा जबरीने कापल्या; त्याबद्दल जमैका सरकारने २०१७ मध्ये क्षमा मागितली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये नैसर्गिक केस व जटा यांवरून होणारा भेदभाव कायद्याने रोखला. या जटांची निगा मराठी जटेच्या नेमकी उलट आहे. केसांचे भाग पाडून बटा वेगळ्या ठेवतात, कोरफडीचा गर व खोबरेल तेल बेताने वापरतात, नियमित धुतात, आणि धुतल्यावर आतपर्यंत कोरड्या होऊ देतात, कारण ओल राहिली तर बुरशी व वास येतो. तेल तेच, केस तितकेच गुंतलेले. पण पाणी वर्ज्य नाही आणि मुळाशी कंगव्याऐवजी धारकाची बोटे आहेत. वडाचा चीक मागवणाऱ्या रामाशी या जटांचे नाते अधिक जवळचे ठरते.

या तुलनेतून जटानिर्मूलनाच्या मराठी प्रयत्नांचे मर्म स्पष्ट होते. १९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे काम चिकाटीने केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाल्यानंतरही ते थांबले नाही. पुणे परिसरात नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जटा सोडवल्या आहेत. कात्री चालवण्यास फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो बाईला, तिच्या नवऱ्याला, सासूला आणि कधी साऱ्या वस्तीला समजावण्यात, कारण जट कापल्यावर घरात कोणी आजारी पडले तर दोष तिच्या माथी येणार असतो. संमतीविना कापलेली जट कोरल गार्डन्सची आठवण देते. समजावून, तिच्या होकाराने कापलेली जट निराळी ठरते. हातात कात्री दोन्हीकडे आहे, म्हणून हा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो.

जट उतरल्यावर डोके धुतले जाते, जखमांना औषध लावले जाते, आणि वर्षानुवर्षे न लागलेले पाणी त्वचेला लागते. हे काम बहुतेकदा दुसरी एक बाईच करते. जनीच्या अभंगातला जो हात मधल्या काळात हरवला होता, तो येथे पुन्हा दिसतो. या वेळी तो माणसाचा आहे. त्यानंतर त्या बाईने केस आखूड ठेवावेत, वाढवावेत की वेणी घालावी, हा तिचा प्रश्न उरतो. तिच्या केसांविषयीच्या वाक्यात तेव्हा प्रथमच ती कर्त्याच्या जागी येते.